ग्लोबवर यवतमाळ कुठे आहे?

मित्रांनो, आधी एक कबुली देतो आणि मग मत मांडतो. मागच्या वर्षी आपल्या विभागाची जी राष्ट्रीय परिषद झाली, तिचा लोगो मी ‘केला’ होता. अवतरणचिन्हं मुद्दाम टाकली आहेत. खरं म्हणजे तो मी नेटवरून उतरवला होता. निळा ग्लोब, त्याच्याभोवती फिरणारी दोन नारिंगी वर्तुळं, मागे सर्किटच्या रेषा आणि खाली इंग्रजीत परिषदेचं आखूड नाव. रात्रीचा दीड वाजला होता. सकाळी दहाला ‘कॉल फॉर पेपर्स’चं पत्रक ईमेलनं जायचं होतं आणि रूममेट लाईट बंद कर म्हणून ओरडत होता. मी ग्लोबवरचा वॉटरमार्क खोडला, रंग जरा गडद केला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ‘वा! एकदम इंटरनॅशनल वाटतो!’ म्हणून पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हे बरं वाटणं परिषदेच्या पहिल्या सकाळपर्यंत टिकलं. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मी फोल्डर वाटत होतो. बाहेरगावाहून आलेल्या एका मॅडमनी फोल्डर हातात घेतलं, थोडा वेळ निरखून पाहिलं आणि आपल्या बॅगेतून दुसरं एक फोल्डर काढून शेजारी ठेवलं. महिनाभर आधीच त्या दुसऱ्या एका राज्यातल्या परिषदेला जाऊन आल्या होत्या. तोच ग्लोब! तीच दोन वर्तुळं! फरक एवढाच की त्यांची हिरवी होती, आपली नारिंगी. मॅडम रागावल्या नाहीत. हसून एवढंच म्हणाल्या, “क्षणभर वाटलं, दोन्हीकडे बोलावणारे एकच आहेत की काय.” मी काय उत्तर देणार? पाहुण्यांना आपली पहिली ओळख मी करून दिली होती आणि ती उसनी, नव्हे चोरीची निघाली होती.

यंदा परिषदेची तयारी पुन्हा सुरू झाली आहे. नोटीस बोर्डावर लोगो स्पर्धेची नोटीस लागली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता थोडं मागे जातो. ग्लोब कुठून आला हे सांगितलं, पण तो का आला हे सांगणं जास्त गरजेचं आहे. लोगोसाठी एक बैठक झाली होती. आम्ही अकरा जण होतो. पाहुण्यांना आणायला गाडी, जेवणात गोड काय, सत्काराला शाल की रोपटं, यावर तासभर चर्चा झाली. शेवटी कोणीतरी म्हणालं, “अरे हो, लोगो राहिला!” मग प्रत्येकानं एकेक गोष्ट सांगितली. गियर पाहिजे, कारण इंजिनिअरिंग आहे. सर्किट पाहिजे, कारण इलेक्ट्रॉनिक्स आहे. पुस्तक पाहिजे, कारण शिक्षण आहे. पणती पाहिजे, कारण ज्ञान आहे. भारताचा नकाशा पाहिजे, कारण नॅशनल आहे. निळा रंग पाहिजे, कारण... कारण निळा सगळ्यांचाच असतो! मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. एवढ्या वस्तूंची भाजी करता आली असती, लोगो नाही.

त्या बैठकीत सेकंड इयरचा एक मुलगा होता. राळेगावकडचा, घरी कापसाची शेती. तो चहा वाटायला मदत करत होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यानं जर्नलच्या मागच्या पानावर पेननं काहीतरी काढून माझ्यापुढे सरकवलं. दोन उभ्या समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये कापसाचं उमललेलं बोंड. बस्स! हळूच म्हणाला, “दादा, कपॅसिटर आहे. मधात बोंड ठेवलं.”

हे चित्र किती नेमकं होतं, ते कळायला थोडा संदर्भ लागतो. परिषदेचा विषय होता सेन्सर आणि इन्स्ट्रुमेंटेशन, आणि आलेल्या पेपरांपैकी बरेच शेतीशी जोडलेले होते. आपल्याच कॉलेजच्या एका गटाचा पेपर कापसातला ओलावा मोजण्यावर होता. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्याला ओलावा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. ओलावा मोजण्याची एक सोपी पद्धत अशी की, कापूस दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबायचा आणि त्यांची कपॅसिटन्स मोजायची. पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक ऐंशीच्या आसपास असतो, कोरड्या कापसाचा अगदी थोडा. कापसात पाणी वाढलं की आकडा वाढतो. हे आपण सगळे फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. तो मुलगा विसरला नव्हता, कारण वडिलांबरोबर तो त्या रांगेत उभा राहिला होता.

मी तो कागद टेबलावर ठेवला. एक सर म्हणाले, “कल्पना चांगली आहे रे, पण ही नॅशनल कॉन्फरन्स आहे, कृषी प्रदर्शन नाही.” कोणाला तो आकाशकंदील वाटला. आणि एक ज्येष्ठ सर, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ते जरा थांबून म्हणाले, “बाहेरच्या लोकांना यवतमाळ म्हटलं की आधीच एक गोष्ट आठवते. कापूस दाखवून आपण ती कशाला आठवून द्यायची?”

सगळे गप्प झाले. सरांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं होतं. मीही गप्पच बसलो. त्या मुलानं कागद परत घेतला, जर्नलमध्ये ठेवला आणि चहाचे कप गोळा केले. त्यानंतर तो एकाही बैठकीला आला नाही. मग त्या रात्री दीड वाजता मी ग्लोब उतरवला, आणि तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे.

या गोष्टीवर मी वर्षभर विचार केला. माझं मत असं झालं आहे की, आपल्याला लोगो सापडत नाही याचं कारण आपल्याला चित्रकला येत नाही हे नाही. ही परिषद कोणाची, कशाबद्दल आणि कोणासाठी, हे आपण ठरवलेलंच नसतं. आणि जे ठरलेलं असतं ते सांगायची लाज वाटते. मग मधला रस्ता म्हणून आपण असं चित्र घेतो जे कोणाचंच नाही. ग्लोब हे त्याचं उत्तम उदाहरण. ग्लोबमध्ये सगळं जग येतं, फक्त यवतमाळ दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, पेपर चांगले असले म्हणजे झालं, लोगो कोण पाहतो? अगदी मान्य! वाईट परिषद चांगल्या लोगोनं सुधारत नाही. सात मिनिटांत पीपीटी गुंडाळायची आणि सर्टिफिकेट घेऊन बस पकडायची, असं असेल तर लोगो कितीही सुंदर असो, काय उपयोग? पण लोगो कोणी पाहत नाही हे मात्र खरं नाही. पत्रक, पोस्टर, गेटवरची कमान, आयकार्ड, पीपीटीची पहिली स्लाइड, प्रोसिडिंग्जचं मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, एवढ्या ठिकाणी तो असतो. पेपर वाचणारे थोडे, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारे सगळे! दहा वर्षांनी इंटरव्ह्यूला फाईल उघडाल तेव्हा परिषदेची तीच एक खूण समोर येणार आहे.

आपण रोज पाहतो अशीच दोन उदाहरणं घेऊ. पहिलं आयईईई. आपल्यापैकी निम्मे लोक त्यांच्या स्टुडंट चॅप्टरचे सभासद आहेत, पण त्यांच्या चिन्हात काय आहे हे मी दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. ती चौकट म्हणजे पतंग आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७५२ साली वादळात पतंग उडवून विजेचा प्रयोग केला, तो पतंग. आत एक सरळ बाण आणि त्याच्याभोवती वळणारा दुसरा बाण. सरळ बाण विद्युतप्रवाहाचा, वळणारा चुंबकीय क्षेत्राचा. आपला उजव्या हाताचा नियम! १८८४ मध्ये स्थापन झालेली एआयईई आणि १९१२ ची आयआरई या दोन संस्था १९६३ मध्ये एक झाल्या. पतंगाची चौकट पहिलीच्या बिल्ल्यातून आली, बाण दुसरीच्या. म्हणजे दोन घराण्यांचं लग्न आणि फिजिक्सचा एक धडा, एवढं सगळं तीन रेषांत बसवलं आहे. तिथे गियर नाही, ग्लोब नाही, पणतीही नाही.

दुसरं उदाहरण तर खिशातच आहे. रुपयाचं चिन्ह. २००९ मध्ये केंद्र सरकारनं स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांहून जास्त नमुने आले आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळानं त्यातलं एक निवडलं. ते काढणारे डी. उदय कुमार आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएचडी करत होते. मूळचे तमिळनाडूचे. त्यांनी काय केलं? देवनागरीतला ‘र’ घेतला, तो रोमन ‘आर’लाही जुळेल असा ठेवला आणि वरची शिरोरेषा जपून तिच्याखाली आणखी एक आडवी रेघ दिली. जगातला कोणीही ते चिन्ह दोन सेकंदांत काढू शकतो आणि तरी ते आपल्या लिपीतून आलं आहे हे लपत नाही. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं आणि मग कीबोर्डवर. ‘आपलं’ ठेवलं म्हणून ते ‘इंटरनॅशनल’ व्हायचं राहिलं का? उलट, डॉलरची उभी रेघ उचलून लावली असती तर ते कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

कार्यक्रमांच्या बाबतीतही तेच दिसतं. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिकोत झालं. तो देश तेव्हा श्रीमंतांच्या यादीत नव्हता. लान्स वायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६८ हा आकडा ऑलिंपिकच्या वर्तुळांमध्ये गुंफला आणि त्याच रेषा बाहेर पसरत नेल्या. तिथल्या हुइचोल आदिवासींच्या धाग्यांच्या चित्रांशी नातं सांगणाऱ्या त्या रेषा होत्या. तिकिटांपासून पोशाखांपर्यंत सगळीकडे तेच वळण वापरलं. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण डिझाइनच्या वर्गात ते अजून शिकवलं जातं.

आता सरांच्या त्या वाक्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. यवतमाळ म्हटलं की लोकांना शेतकरी आत्महत्या आठवतात. हे खोटं नाही आणि ते आठवलं की आपल्याला बोचतं, हेही खोटं नाही. पुण्याला इंटर्नशिपला गेलो होतो तेव्हा ‘कुठला?’ विचारल्यावर मी स्वतः दोनदा ‘नागपूरकडचा’ असं सांगितलं आहे. पण २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा काय झालं ते आठवा. उद्घाटकांवरून मोठा वाद झाला, आणि शेवटी त्या व्यासपीठावरून उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीनं आत्महत्या केल्यानंतर घर सावरणाऱ्या एका बाईनं! ज्या गोष्टीची आपण लाज बाळगतो, ती तिथे सगळ्या महाराष्ट्रासमोर ताठ उभी राहिली. साहित्यवाल्यांना वादाच्या धामधुमीत का होईना जे जमलं, ते आपल्याला, म्हणजे मोजमाप करणाऱ्या आणि उपाय शोधणाऱ्या लोकांना, का जमू नये? कपॅसिटरमधलं ते बोंड दुःखाचं चित्र नव्हतंच. इथे हा प्रश्न आहे आणि आम्ही तो मोजतो आहोत, एवढंच ते सांगत होतं. तंत्रज्ञानाच्या परिषदेनं यापेक्षा चांगलं काय सांगायचं असतं?

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. गावाकडचं काहीतरी घेतलं की लोगो झाला, असंही नाही. मागे एका कार्यक्रमात आपण वारली चित्रं लावली होती. वारली पालघर-डहाणूकडची! आपल्या जिल्ह्यात कोलाम, गोंड, बंजारा आहेत, त्यांच्यातलं एकही चित्र किंवा भरतकाम आपल्याला ओळखता येत नाही आणि वारली मात्र मोबाईलमध्ये तयार मिळते म्हणून लावली. हा पुन्हा ग्लोबचाच प्रकार झाला, फक्त रंग गेरूचा. बोंड जर परिषदेच्या विषयाशी जोडलेलं नसेल तर तेही लावू नये. उद्या परिषद सायबर सिक्युरिटीवर असेल तर तिथे कापसाचं काय काम? तेव्हा दुसरा धागा शोधावा लागेल. धागा आधी विषयातून यायला हवा, मातीतून आला तर दुधात साखर.

अक्षरांचं तर विचारूच नका. आपल्या लोगोवर परिषदेचं नाव फक्त इंग्रजीत होतं. निमंत्रणपत्रिकेवर मराठी ओळ होती, ती डीटीपीवाल्यानं जो फॉन्ट उघडा होता त्यात टाकून दिली. त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ कसा असावा हे महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात दाखवून दिलं आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिलं? विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट आपण सगळ्यांनी वापरला आहे. तो र. कृ. जोशी यांनी घडवला, जे आयडीसीतच शिकवत होते आणि २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद सुरू झाली. अक्षरं कशी दिसावीत एवढ्याच विषयावर अभ्यासक पेपर वाचतात! आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. म्हणजे चांगलं मराठी अक्षर मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. विषय राष्ट्रीय आहे म्हणून इंग्रजी ठेवा, जरूर ठेवा. पण त्याच्या शेजारी मराठी नाव तेवढ्याच काळजीनं बसवा. गेटवरून आत येणारे सगळेच डेलिगेट नसतात. मेसचे काका, ऑटोवाले भाऊ, लॅब असिस्टंट, कोणाच्या तरी गावाहून आलेले आई-वडील, यांनाही कळू दे आत काय चाललंय.

थोडं व्यवहाराचं बोलतो, कारण आपण इंजिनिअर आहोत. माझी ग्लोबची फाईल तीनशे पिक्सेल रुंद होती. कमानीसाठी लोगो आठ फूट रुंद हवा होता. फ्लेक्सवाल्या भाऊनं फाईल उघडली आणि म्हणाला, “भाऊ, हे तं फाटून राहिलं ना. दुसरी फाईल नाही का?” मी म्हटलं, “चालते, लांबून कोण पाहते?” गणित करा. आठ फूट म्हणजे ९६ इंच. इंचाला जेमतेम तीन पिक्सेल. म्हणजे एकेक पिक्सेल आठ मिलिमीटरचा, वाटाण्याएवढा! चार वर्षं रेझोल्यूशन शिकलेल्या विभागाच्या गेटवर वाटाण्यांचा ग्लोब लटकत होता. आणि तोच ग्लोब आयकार्डवर एवढा बारीक झाला की सर्किटच्या रेषांचा नुसता डाग दिसत होता. सर्टिफिकेटच्या झेरॉक्समध्ये तर निळा आणि नारिंगी दोन्ही एकाच राखाडी रंगाचे झाले.

त्या मुलाचं चित्र आठवा. दोन रेषा आणि एक बोंड. काळ्या पेननं काढलेलं. ते झेरॉक्समध्ये तसंच राहिलं असतं, अंगठ्याच्या नखाएवढं केलं तरी ओळखू आलं असतं आणि वेक्टरमध्ये एकदा काढलं की कितीही मोठं करा, फाटणार नाही. शिवाय एका रंगाचं असल्यामुळे ते कापडावर स्क्रीन प्रिंटिंगनं छापता आलं असतं. मला तर हेच जास्त लागतं. ज्या जिल्ह्यात पांढरं सोनं पिकतं, ज्याच्या एमआयडीसीत डेनिम विणली जाते, तिथल्या परिषदेत आपण गेटवर प्लास्टिकचं फ्लेक्स टांगतो आणि तिसऱ्या दिवशी ते हॉस्टेलच्या मागे सायकल स्टँडवर ताडपत्री म्हणून जातं. मांजरपाटाचा एक बॅनर करून पाहायला काय हरकत आहे? तारीख आणि वर्ष नाही टाकलं तर पुढच्या वर्षीही चालेल.

आता तर काम आणखी सोपं झालं आहे, म्हणजे चूक करणं सोपं झालं आहे. मला निदान ग्लोब शोधायला तासभर लागला होता. यंदा कॅन्व्हात तयार टेम्प्लेट आहेत आणि एआयला एक ओळ लिहिली की वीस लोगो समोर येतात. मी परवा गंमत म्हणून करून पाहिलं. वीसपैकी बहुतेकांत सर्किटचा मेंदू होता आणि तो निळाच होता. त्याचा दोष नाही. मी त्याला सांगितलं होतं ‘टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स’, त्यानं जगातल्या सगळ्या टेक्नॉलॉजी कॉन्फरन्सची सरासरी काढून दिली. राळेगावच्या रांगेत उभं राहिल्याची आठवण मी त्याला दिलीच नव्हती. यंत्र वापरा, रेषा नीट करायला, रंग तपासायला जरूर वापरा. पण काय सांगायचं आहे ते ठरवून मगच त्याच्याकडे जा.

म्हणून कमिटीला माझ्या चार विनंत्या आहेत. स्पर्धेच्या नोटिशीत ‘आकर्षक लोगो पाठवा’ असं न लिहिता परिषद कशावर आहे, कोण येणार आहे आणि आपल्या कॉलेजचं त्यात काय आहे, हे अर्ध्या पानात सांगा. पहिली फेरी फक्त कागदावर, काळ्या पेननं घ्या, म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप नाही तोही भाग घेईल. निवड अकरा जणांनी मिळून करू नका, दोघा-तिघांवर सोपवा, आणि त्यात एक विद्यार्थी असू द्या. अकरा जणांच्या आवडीनिवडीची बेरीज केली की शेवटी ग्लोबच उरतो. आणि ज्यानं काढलं त्याचं नाव प्रोसिडिंग्जच्या आतल्या पानावर छापा. पेपरमध्ये दुसऱ्याचा एक परिच्छेद आला तर आपण त्याला प्लेजियरिझम म्हणतो आणि पेपर परत करतो. मग त्याच प्रोसिडिंग्जच्या मुखपृष्ठावर उचललेलं चित्र कसं चालतं? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे, तेव्हा कोणी राग मानू नये.

सर लोकांनाही एक नम्र विनंती. तुम्ही ‘हे इंटरनॅशनल वाटत नाही’ म्हणालात की आमच्यासारखे पोरं लगेच माघार घेतात. आम्हाला तुमच्या शब्दाची किंमत आहे म्हणूनच घेतात. त्याऐवजी ‘हे का काढलं, समजावून सांग’ एवढं म्हणा. त्या दिवशी कोणी त्या मुलाला एवढं विचारलं असतं तर त्यानं डायलेक्ट्रिक स्थिरांकासकट सगळं सांगितलं असतं. मी सिनियर होतो, मीही विचारू शकलो असतो. नाही विचारलं.

परवा मेसमध्ये तो भेटला. मी त्याला म्हटलं, “तो कागद आहे का रे अजून? स्पर्धेत दे.” तो भातावर वरण घेत म्हणाला, “कायले दादा? मागच्या वर्षी त्याले आकाशकंदील म्हणे.” मी म्हटलं, “यावर्षी मी बाजूला उभा राहीन. आकाशकंदील म्हणाले तर कपॅसिटर मी समजावून सांगतो.” तो हसला, हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. जर्नल मात्र रूमवर आहे म्हणाला.

नोटीस अजून बोर्डावर आहे. तुमच्याही जर्नलच्या मागच्या पानावर काही असेल तर काढून ठेवा. आणि मित्रांनो, एवढी कृपा करा, ग्लोब नको!